रोज थोडं हिरवं, आपल्या स्वतःच्या नावावर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांच्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

 

आज मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. पण आधी माझी एक चूक कबूल करते, मग पुढचं बोलते.

तीन-चार महिन्यांपूर्वी मी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ पाठवला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. एक बाई काचेच्या भांड्यात पालक टाकते, केळं टाकते, वरून कसल्या कसल्या बिया टाकते, मिक्सर फिरवते आणि हिरवागार ग्लास तोंडाला लावते. त्याला म्हणतात ग्रीन स्मूदी. 'रोज सकाळी हे प्या, रक्त वाढेल, थकवा जाईल, चेहरा उजळेल' असं खाली लिहिलं होतं. मला वाटलं, चांगलं आहे की, पाठवूया. पाठवला आणि विसरून गेले.

पुढच्या महिन्यात एका गटाचं दफ्तर तपासत होते. अंतर्गत कर्जाच्या पानावर एका ताईंच्या नावापुढे लिहिलं होतं, 'रु. १८००, कारण: आरोग्य'. मी विचारलं, काय झालं, दवाखाना होता का? तर ताई लाजल्या. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं. गावात एक माणूस हिरव्या पावडरचे डबे विकायला आला होता. पाण्यात टाकायची, हलवायची, प्यायची. 'ही तीच ग्रीन स्मूदी आहे, तुमच्या मोबाईलवर आलेली' असं तो म्हणाला. ताईंनी गटातून कर्ज काढून डबा घेतला.

मी म्हटलं, अहो ताई, घ्यायच्या आधी मला फोन तरी करायचा. त्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच तर पाठवलं होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अठराशे रुपये गेले, ते वाईटच. पण त्याहून वाईट पुढे आहे. या ताईंचं हिमोग्लोबिन शिबिरात ८.४ आलं होतं. उपकेंद्रातून त्यांना लाल गोळ्या दिल्या होत्या. डबा आल्यावर त्यांनी गोळ्या बंद केल्या. 'आता पावडर चालू आहे ना, मग गोळी कशाला? गोळीनं मळमळतंय.' दोन महिने गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याच्या मागे पडून होतं.

हे सगळं मी त्या ताईंना विचारून, त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्या म्हणाल्या, "सांगा, पण नाव नका घेऊ." त्या आज इथेच बसल्या आहेत.

तेव्हापासून मी ठरवलं की, या हिरव्या ग्लासाबद्दल नीट वाचायचं, विचारायचं आणि मगच बोलायचं. पुढच्या गट बैठकीला मी घरून मिक्सर घेऊन गेले. म्हटलं, डब्याशिवाय घरच्या घरी कसं करायचं ते दाखवू. पालक धुतला, केळं चिरलं, सगळं भांड्यात भरलं आणि लाईट गेली. अर्धा तास आम्ही मिक्सरकडे बघत बसलो. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "पोरी, पालक घोटायला मिशीन कशाला लागतंय? आमच्या गरगट्याला रवी पुरती."

सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले. पण घरी जाताना लक्षात आलं की मावशींनी एका वाक्यात माझं सगळं भाषण सांगून टाकलं होतं. आज तेच जरा विस्ताराने सांगते.

या ग्लासात नेमकं असतं काय?

आधी खरं ते सांगू. ग्रीन स्मूदी म्हणजे हिरवा पाला आणि फळ, पाण्यात किंवा दह्यात वाटून केलेलं पेय. ते वाईट नाही. गाळलं नाही तर चोथाही पोटात जातो, तो पोट साफ राहायला लागतो. पाल्यात लोह असतं, फोलिक अ‍ॅसिड असतं, डोळ्यांसाठी लागणारं अ जीवनसत्त्व शरीर ज्यापासून बनवतं तो घटक असतो. ज्या शहरातल्या माणसाच्या जेवणात आठ-आठ दिवस पालेभाजी येत नाही, त्याने सकाळी असा ग्लास घेतला तर त्याच्या पोटात चार पानं तरी जातात.

म्हणजे यात जादू ग्लासाची नाही, मिक्सरची तर नाहीच. फायदा होतो तो पाल्याचा, आणि तो रोज खाण्याचा.

हा पाला आपल्याकडे नाही का? तांदुळजा, घोळ, पाथरी, चुका, शेपू, मेथी, पालक, राजगिरा, आंबाडी, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे शेंडे, शेवग्याचा पाला. मी न थांबता बारा नावं घेतली. आज्यांना विचारलं तर त्या अजून बारा सांगतील. डब्याच्या मागच्या बाजूला एवढी नावं नव्हती, मी वाचून पाहिलं.

मग रक्त कमी का?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पाला आहे, बाजरी आहे, डाळ आहे. तरी शिबिराच्या कागदावर दहाच्या आतले आकडे का?

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं, गरोदर बाईचं ११ च्या वर. ८ च्या खाली गेलं तर ते गंभीर. सन २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांची आरोग्य पाहणी केली. त्यात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय निघाला. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पुरुषांमध्ये तो शंभरात साधारण २२ आहे. घर तेच, चूल तीच, मग एवढा फरक कशाचा?

एक कारण शरीराचं आहे. दर महिन्याला आपलं रक्त जातं, बाळंतपणात जातं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलंय की पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. आपली गरज दीडपट आहे.

दुसरं कारण ताटाचं आहे. ज्याची गरज दीडपट, ती जेवायला बसते सगळ्यात शेवटी. सासरे जेवतात, मालक जेवतात, पोरं जेवतात. मग पातेल्यात उरलेला रस्सा आणि तव्यावरची शेवटची भाकरी आपली. भाजी केली मेथीची, पण आपल्या वाटणीला आली चटणी. मी हे कुठे पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या आईला रोज असं जेवताना बघत मी मोठी झाले, आणि मला त्यात काही चुकीचं आहे असं एम.एस.डब्ल्यू.ला जाईपर्यंत कधी वाटलं नाही.

तिसरं कारण म्हणजे नियमितपणा नाही. पावसाळ्यात चार दिवस पाला, मग पंधरा दिवस बटाटा. उन्हाळ्यात तर डाळ आणि ठेचाच.

आपली पंचसूत्री काय सांगते?

नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. बघा, पाचही वेळा एकच शब्द येतो, 'नियमित'.

आपण वर्षातून एकदा बाराशे रुपये भरत नाही. महिन्याला शंभर भरतो. शंभर रुपयांनी काही होत नाही असं पहिल्या वर्षी सगळे म्हणत होते. आज त्याच शंभरातून तुमच्या शेळ्या आल्या, शिलाई मशीन आली, पोरांच्या फिया भरल्या.

पाल्याचंही तसंच आहे. एका दिवशी ताटभर खाऊन रक्त वाढत नाही. शरीर एका वेळेला थोडंच लोह घेतं, बाकीचं बाहेर टाकतं. म्हणून रोज थोडं हवं. किती? पोषण संस्थेच्या हिशोबाने दिवसाला साधारण १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी. निवडलेला पाला दोन मोठ्या मुठी घ्या, शिजून त्याची एक लहान वाटी होते. तेवढंच. डोंगर चढायचा नाहीये.

आणि बचत कुणाच्या नावावर असते? आपल्या. पुस्तकावर नाव आपलं, सही आपली. नवऱ्याला पैसे लागले तरी तो परस्पर उचलू शकत नाही. मग ही एक वाटीसुद्धा आपल्या नावावर पाहिजे. भाजी झाली की वाढायच्या आधी आपली वाटी काढून झाकून ठेवायची. सगळ्यांच्या आधी जेवा असं मी म्हणत नाही, मला माहीत आहे ते किती घरांत आज लगेच होईल. पण आधी काढून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

एका काकूंनी मला विचारलं, "आणि सासूबाईंनी पाहिलं तर?" मी म्हटलं, दोन वाट्या काढा, एक त्यांच्या नावावर. त्यांचंही रक्त कमीच असणार आहे.

खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

पाल्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह त्यामानाने लवकर लागतं. ज्या खातात त्यांनी मिळेल तेव्हा जरूर खावं. पण पाल्यातलं लोहसुद्धा जास्त लागावं यासाठी काही साध्या गोष्टी आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, आंबट सोबत हवं. जेवताना भाजीवर लिंबू पिळा. लिंबू नसेल तर आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो. यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. लिंबू गॅसवरच्या भाजीत नाही, ताटात पिळायचं. शिजवलं की क जीवनसत्त्व कमी होतं.

दुसरी, चहा लांब ठेवा. जेवण झालं की लगेच कपभर चहा, ही आपली सवय. चहातला तुरटपणा लोह अडवून धरतो. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. चहा सोडा म्हटलं तर तुम्ही मलाच सोडाल. म्हणून फक्त वेळ बदला.

तिसरी, लोखंडी कढई बाहेर काढा. माळ्यावर टाकलेली आजीची कढई घासून घ्या. त्यात शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं. आंबट भाजी त्यात ठेवून देऊ नका, काळी पडते. झाली की दुसऱ्या भांड्यात काढा.

चौथी, थोडं तेल हवं. अ जीवनसत्त्व तेलाशिवाय लागत नाही. चमचाभर फोडणी पुरे.

पाचवी, आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलं की सत्त्व पाण्याबरोबर जातं. आणि शिजवलेलं पाणी फेकू नका, ते पिठात किंवा आमटीत घाला.

आमची हिरवी पाककृती

आता रवीवाल्या मावशींचं गरगटं. कृती त्यांनीच सांगितली, मी फक्त लिहून घेतली.

मूठभर तूरडाळ, थोडे शेंगदाणे, दोन-तीन प्रकारचा पाला. पालक, चुका, तांदुळजा, जे असेल ते. डाळ आणि दाणे आधी शिजवा, मग चिरलेला पाला आणि हिरवी मिरची घाला. मऊ झालं की रवीने घोटा. दाटपणासाठी चमचाभर बेसन किंवा ज्वारीचं पीठ. वरून लसूण आणि जिऱ्याची फोडणी. बाजरीच्या भाकरीबरोबर खा, ताटात लिंबू पिळा. पाला, डाळ, दाणे, बाजरी, लिंबू, सगळं एकाच जेवणात आलं. अठराशेच्या डब्यात डाळ नव्हती.

दात नसलेल्या आजीला, आणि घरात लहान लेकरू असेल तर त्यालाही हे मऊ घोटलेलं सहज जातं. लेकराचं फक्त तिखटाच्या आधी बाजूला काढा.

पोरांना पाला आवडत नसेल तर थालीपिठात, पराठ्यात, भज्यात घाला. केन्याच्या पानांची भजी कुणी नको म्हणाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पण भजी रोज नको, ते सणावाराला.

आणि ज्यांच्या घरी मिक्सर आहे, ज्यांच्या कॉलेजातल्या पोरींना ग्लासच पाहिजे, त्यांनी तो खुशाल करावा. मूठभर पालक उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून घ्या, एक केळं, एक आवळा किंवा अर्धं लिंबू, ग्लासभर पाणी. वाटा, गाळू नका, साखर घालू नका, लगेच प्या. पोरीनं चहा-बिस्किटाऐवजी हा ग्लास घेतला तर मला आनंदच आहे. फक्त हा ग्लास जेवणाच्या जागी नको. 'बारीक होण्यासाठी' भाकरी सोडून नुसतं हिरवं पाणी प्यायचं, हे आपल्या वाढत्या वयाच्या पोरींना करू देऊ नका.

बारा महिने कसं जमवायचं?

पावसाळ्यात रानात पाला आपोआप येतो. पण इथे एक धोक्याची सूचना. पूर्वी सोयाबीन-कापसात खुरपताना ओटीभर तांदुळजा, घोळ घरी यायचा. आता खुरपणीच्या जागी तणनाशक आलंय. फवारलेल्या रानातला पाला कितीही कोवळा दिसला तरी खुडू नका. कुठे फवारलंय हे घरात विचारा. एक तरी बांध किंवा घरामागचा तुकडा न फवारता ठेवा, आणि हे मालकांना आत्ताच, औषध आणायच्या आधी सांगा. रानभाजी ओळखीचीच खुडा. शंका आली तर आजीला दाखवा, आजीलाही शंका आली तर टाकून द्या.

हिवाळा तर आपलाच. मेथी, पालक, शेपू, करडई, हरभरा. जुडी दहा-पंधरा रुपयांना मिळते. हरभऱ्याचे शेंडे सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा, आपल्या आज्या ठेवायच्या तसे.

उन्हाळा अवघड. त्यासाठी आत्तापासून दोन कामं करा.

एक, दारात शेवगा. पावसाच्या तोंडावर हातभर लांब जाड फांदी लावली तरी जगते. शेंगा आपण खातो, पाला शेळीला टाकतो. यंदा शेळीच्या आधी आपण घेऊ. कोवळा पाला सावलीत वाळवून, चुरून, चाळून ठेवा. भाकरीच्या पिठात, आमटीत, शेंगदाण्याच्या चटणीत चमचाभर टाकत जा. विकत आणलेल्या डब्यात जी हिरवी पावडर होती, तिच्या यादीत पहिलं नाव शेवग्याचंच होतं.

दोन, परसबाग. दोन हात रुंद, चार हात लांब वाफा पुरतो. घरातल्या डब्यातली मेथी टाका, धने चपलेखाली रगडून टाका. मेथी साधारण महिन्याभरात खुडायला येते. पालक वरून कापला की पुन्हा फुटतो. एकदम सगळं पेरू नका, दर आठ दिवसांनी थोडं थोडं पेरा, म्हणजे रोज काहीतरी कोवळं मिळतं. पाणी नाही म्हणाल, तर आंघोळीचं, भांड्यांचं पाणी वळवा. पण सांडपाण्यावरचा पाला कच्चा खायचा नाही, शिजवूनच.

काही गोष्टी ध्यानात ठेवा

हिरवं म्हणजे सगळ्यांना, कितीही चालतं, असं नाही.

ज्यांना मुतखड्याचा त्रास झालाय त्यांनी कच्च्या पालकाचे ग्लास पिऊ नयेत. किडनीचा आजार असेल, किंवा हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाला एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुधीचा रस काढणाऱ्यांसाठी खास. दुधीचा तुकडा आधी जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधीचा रस विषारी असतो, त्याने माणसं दगावली आहेत. 'कडू औषध चांगलं' हे इथे लागू नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आलंय, त्यांचं ते नुसत्या पाल्याने भरून येणार नाही. गोळी लागतेच. पाला ही बचत आहे, गोळी म्हणजे अडचणीच्या वेळेचं कर्ज. घर पडायला आलं तर आपण 'पुढच्या महिन्याच्या बचतीतून बघू' म्हणत नाही.

लाल गोळी आशाताईंकडे, उपकेंद्रात फुकट मिळते. २० ते ४९ वयाच्या बायकांना आठवड्यातून एक. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना निळी, आठवड्यातून एक. ज्यांचं रक्त कमी आलंय त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढ्या घ्यायच्या. गोळीने शौचाला काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, बंद करू नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नको. जंताची गोळीही घ्या, नाहीतर आपण खायचं आणि जंतांनी पोसायचं.

पाळीत फार रक्त जात असेल, आठ-आठ दिवस जात असेल, तर लाजू नका, दाखवा. टाकीला भोक असताना वरून कितीही पाणी भरलं तरी टाकी भरत नाही. आणि पाल्यात बी-१२ नसतं. त्यासाठी दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतलं जे चालतं ते खायला हवं.

आता आपलं काम

मी आज तीनच गोष्टी मागते.

पहिली, गटाच्या बैठकीत हजेरी घेताना प्रत्येकीला एक प्रश्न विचारा, 'काल तुमच्या ताटात हिरवं होतं का?' घरात केलं होतं का, असं नाही. तुमच्या ताटात होतं का, असं विचारा. हो किंवा नाही, एवढंच. चार बैठकांनी तुमचं तुम्हालाच कळेल.

दुसरी, प्रत्येकीने आपलं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि तो आकडा स्वतः लक्षात ठेवावा. आपल्याला कर्जाचा हप्ता पाठ असतो, पोराचे टक्के पाठ असतात, रक्ताचा आकडा मात्र माहीत नसतो. तो बचतीच्या पुस्तकात मागच्या पानावर पेन्सिलने लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

तिसरी, कुणी डबा, पावडर, काढा विकायला आलं, तर घ्यायच्या आधी बैठकीत विषय काढा. गटासमोर बोलायचं म्हटलं की निम्मे विक्रेते परत येत नाहीत. आणि मी जरी काही पाठवलं असलं, तरी विचारा. मलासुद्धा विचारा.

त्या ताईंचं काय झालं, ते सांगून थांबते. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. डब्यातली उरलेली पावडर संपवली, कारण पैसे मोजले होते. कर्जाचे हप्ते शेळीचं दूध विकून फेडले. दारात शेवग्याची फांदी लावली. मागच्या आठवड्यात त्यांची पुन्हा तपासणी झाली. आकडा ८.४ वरून १०.१ वर आलाय. अजून १२ नाही, म्हणून गोळ्या चालू आहेत. हे गोळीनं झालं की गरगट्यानं, असं मला विचारलं तर मी म्हणेन, दोन्ही लागतात, त्यात गोळी आधी.

मी त्यांना विचारलं, ताई, आता थकवा कसा आहे? त्या म्हणाल्या, "पाण्याची घागर घेऊन वर चढताना आता मधी बसावं लागत नाही."

तेवढं आपल्या सगळ्यांचं व्हावं. आज घरी गेल्यावर भाजी झाली की आधी आपली वाटी काढा.